आमचा 'सुसाट' प्रो कबड्डीत जाईल का?

सध्या हॉस्टेलवर एकच वाद. आमचा रूममेट खो-खो आणि कबड्डी दोन्ही खेळतो. वजन जेमतेम ५८ किलो. म्हणतो, प्रो कबड्डीसाठी इंजिनिअरिंग सोडतो!

माझं मत? बोनस रेषा मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर, तिथे त्याचा वेग चालेल. पण बोनस समोर सहा-सात गडी असतील तरच. पुढे शिवून परत यायचं, तेही ३० सेकंदांत. खो-खोत शिवलं की विषय संपला. इथे घोट्याला पकड बसली की ताकदच लागते.

आपल्याच जिल्ह्याचा अस्लम इनामदार २०२४ मध्ये पुणेरी पलटणचा विजेता कर्णधार ठरला. तो चढाईही करतो, पकडही.

तेव्हा मित्रा, पकड शिक, वजन वाढव, ट्रायल जरूर दे. पण सबमिशन बुडवू नकोस!