घरच्या वेल्डिंगसाठीं गॅसचा सिलिंडर केवढा घ्यावा?

नांगराचा फाळ किंवा ट्रॉलीचा हूक मोडला म्हणजे पूर्वीं सामान गाडींत टाकून नाशिक रोडची वाट धरावी लागे. आतां शिंदे, पळसे, चेहेडीकडील ज्या बागाइतदारांनीं घरींच वेल्डिंगचें यंत्र घेतलें आहे त्यांची ती पायपीट वांचली, ही गोष्ट चांगली झाली. परंतु यंत्र घेतांना जितका विचार होतो, तितका गॅसच्या सिलिंडराचा होत नाहीं. गेल्या खरिपांत आमच्याच पेरणीयंत्राची चौकट अर्धी जोडून झाली तोंच लहान सिलिंडर संपला, आणि दुसरे दिवशीं वाफसा असतांही पेरणी राहिली. तेव्हां आम्हीं जो हिशेब मांडला तो वाचकांपुढें ठेवितों.

तारेच्या ज्या वेल्डिंगास कारागीर ‘सीओटू’ म्हणतात, त्यांत वितळलेल्या लोखंडास हवा लागूं नये म्हणून त्याभोंवतीं गॅसचें आवरण धरावें लागतें. तें तुटलें कीं सांध्यांत बारीक छिद्रें पडतात. असा सांधा वरून बरा दिसला तरी ओझ्याखालीं दगा देतो. घरच्या कामास मिनिटास सुमारें १२ लिटर गॅस लागतो, असें धरून चालावें.

१० लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरांत १५० बार दाबानें भरलेला आर्गन अथवा आर्गनमिश्र गॅस सुमारें १,५०० लिटर होतो; म्हणजे यंत्राचें बटण दाबलेलें राहण्याचे अवघे दोन तास. ४७ लिटरच्या मोठ्या सिलिंडरांत सुमारें ७,००० लिटर, म्हणजे साडेनऊ तास. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट निराळी. तो द्रवरूपांत भरतात व त्याच्या १ किलोपासून सुमारें ५४० लिटर गॅस होतो. म्हणून ६ किलोचा लहान सिलिंडरही साडेचार तास पुरतो, आणि ३० किलोचा मोठा बावीस तासांवर जातो. साध्या लोखंडाच्या शेतकी अवजारांस हाच गॅस पुरेसा आहे. ठिणग्या जास्त उडतात खऱ्या, पण सांधा पक्का होतो. पातळ पत्र्यास आर्गनमिश्रण बरें. ॲल्युमिनियमास मात्र शुद्ध आर्गनच हवा.

अंबड, सातपूर व सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींमुळें आपल्या भागांत गॅस दुर्मिळ नाहीं; हंगामांत त्यासाठीं दिवस मोडणें हेंच खरें नुकसान. सबब केवळ स्वस्त म्हणून लहान सिलिंडर घेऊं नये. वर्षांतून दोनचार दुरुस्त्या असतील तर ६ किलोचा ठीक. ट्रॉली, कांदाचाळ, जाळीचे दरवाजे अशीं कामें सतत निघत असल्यास ३० किलोचाच घ्यावा, किंवा दोघांतिघां शेजाऱ्यांनीं मिळून ठेवावा. मोठा सिलिंडर रिकामा असतांही पन्नाससाठ किलो भरतो. तो घरींच राहूं द्यावा. द्राक्षमांडवाखालीं अथवा बांधावर वाऱ्यानें गॅस उडून जातो, तेथें रॉडचें वेल्डिंगच उपयोगीं पडतें.

तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. द्रवरूप गॅस संपत आला तरी कांटा बराच काळ पूर्ववत् दाब दाखवितो. यासाठीं सिलिंडर तोलून पाहावा व रिकामें वजन वजा करावें. दुसरें, मानेवर कोरलेली चांचणीची तारीख वाचावी. ही चांचणी दर पांच वर्षांनीं होते, आणि मुदत टळलेला सिलिंडर सचोटीचा विक्रेता भरून देत नाहीं. तिसरें, सिलिंडर उभा, सांखळीनें बांधलेला व उन्हापासून दूर ठेवावा, आणि काम दार उघडें टाकूनच करावें. कोंडलेल्या खोलींत हा गॅस नकळत गुदमरवितो.

बियाणें जसें आपण पेरणीपूर्वीं मोजून ठेवितों, तसाच हा गॅसही मृगापूर्वीं तोलून ठेवावा, एवढीच आमच्या शेतकरी बंधूंस सूचना आहे.