किल्ल्याचा कडा आणि झाडाची साल

सहामाही परीक्षा संपली, की मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये पोरांची किल्ल्यासाठी जागा शोधायची धावपळ सुरू होते. दगड, विटा, गोणपाट, माती सगळं जमतं. अडतं ते कड्यापाशी. चिखलाचा कडा कितीही थापा, तो वारुळासारखाच दिसतो! मग एखादा चतुर मुलगा आवारातल्या झाडाची साल ओरबाडून आणतो. मैत्रिणींनो, इथे मात्र आपण आयांनी मध्ये पडायलाच हवं.

कल्पना चांगलीच आहे. परदेशात छोट्या सैनिकांच्या लढाया मांडणारे हौशी लोकही कड्यांसाठी पाइनची सालच वापरतात. फक्त ती जिवंत झाडाची नको. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचतं ते सालीच्या आतल्या थरातून. खोडाभोवती गोल साल निघाली, तर झाड उभ्या उभ्या मरतं. शहरातल्या झाडांना १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून तर वाळकी काटकीही आणायची नाही.

मग आणायची कुठून? लाकडाच्या वखारीत विचारा. पावसाळ्यापूर्वी छाटलेल्या फांद्या, उन्मळून पडलेलं झाड, सरपणाची मोळी, सगळीकडे साल असतेच. (दालचिनीही सालच, पण तिचा भाव बघता डबा लपवून ठेवलेला बरा!)

कड्यासाठी जुन्या बाभळीची साल झकास. काळपट, खोल भेगांची. आंब्याचीही चालते. निलगिरी स्वतःहूनच लांब पट्ट्यांनी साल टाकते, त्या पहारेकऱ्यांच्या खोपटांवर घालाव्यात. कण्हेर विषारी, तिला हात नको. निवडताना शेजारी मावळा उभा करून बघा. मावळा बोटभर आणि भेग त्याच्या कमरेएवढी असली, तर डोंगर खोटा वाटतो.

खरी गंमत पुढे आहे. झाडावर भेगा उभ्या असतात, म्हणून मुलं साल उभीच लावतात. आपला सह्याद्री मात्र लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. साल आडवी लावा, की लगेच रायगडाचा कडा दिसू लागतो! २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत रायगड, राजगड, साल्हेर आहेत. त्यांचे फोटो मुलांना जरूर दाखवा. आपला घोडबंदरचा किल्ला करणार असाल, तर एवढे कडे नकोत. तो खाडीकाठच्या टेकडीवरचा, पोर्तुगीजांचा. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला.

घरात आणण्याआधी साल झटकून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. बारीक भोकं आणि त्यातून पीठ पडत असेल, तर सरळ फेकून द्या. घरात लाकडी कपाटं आहेत ना! चिखल अर्धवट सुकल्यावरच साल रोवा, ओल्यात तिला बुरशी येते. अळीव पेरायचे ते सपाटीवर, म्हणजे पाणी शिंपडताना कडा भिजत नाही. दिवाळी झाली, की साल धुऊन, खडखडीत वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि माळ्यावर टाका. पुढच्या वर्षी तीच चालते.