भाईजानचा डॅक

दहावीच्या मराठीत जाहिरातलेखन असते. वीस वर्षे मी ते मुलांना शिकवते आहे. ठळक मथळा, आकर्षक शब्द, सवलत, संपर्क. एवढे आले की गुण मिळतात. खरीखुरी जाहिरात लिहायची वेळ मात्र गेल्या वर्षी पहिल्यांदा आली आणि ती मला दोनदा फाडावी लागली.

विकायचा होता भाईजानचा डॅक. हे नाव ऐकून आमच्या शेजारणीला पेयाचे काहीतरी वाटले होते, म्हणून सांगते. सीडीवर किंवा मोबाइलमधल्या फाइलीत आवाज नसतो, आकडे असतात. सीडीत तर डाव्या-उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी 44,100. त्या आकड्यांवरून अ‍ॅम्प्लिफायरला पुरवायचा विजेचा संदेश तयार करणारे यंत्र म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. मोबाइलमध्येही तो असतोच, नखापेक्षा लहान. मग लाखाचा कशाला? मला ते उर्दूच्या तासावरून उमगले. पानावर शब्द तेच असतात, पण एक मुलगा वाचतो आणि एक मुलगा तलफ्फुज सांभाळून वाचतो.

भाईजान एकोणीस वर्षे कुवेतला वीजतंत्रज्ञ होते. 2017 साली त्यांनी हे यंत्र तिथे साडेपाचशे दिनारांना घेतले, म्हणजे तेव्हाचे एक लाख पंधरा हजार तरी झाले. अम्मी म्हणाली होती, "एवढ्यात अंगणाची फरशी झाली असती." शुक्रवारी सकाळी कारी अब्दुल बासित यांची किरअत आणि रात्री मेहदी हसन, हा त्यांचा शिरस्ता. (गझल ऐकावी की नाही, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. तो वाद इथे नको.)

भाचीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. भाईजानच म्हणाले, "काढून टाकू तो. तू लिही, तुला लिहिता येतं."

पहिला मसुदा पुस्तकी झाला: 'स्वर्गीय आवाज! एकच नग! त्वरा करा!' भाईजान हसले. म्हणाले, "घेणारा हे वाचणारसुद्धा नाही. त्याला काय हवं ते लिही." मग त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. मॉडेल आणि सिरीयल क्रमांक. खरेदीची पावती, रिमोट, मूळ खोके आहे. यंत्र 240 व्होल्टचे, त्यामुळे आपल्याकडे सरळ चालते. अमेरिकेहून 120 व्होल्टचे किंवा जपानहून 100 व्होल्टचे आणलेले यंत्र आपल्या प्लगात लावले तर जळू शकते, म्हणून माहितगार हे आधी विचारतात. पिन मात्र कुवेतची, चौकोनी, तिला अडॅप्टर लागतो. पुढच्या पट्टीवर 'एमक्यूए'चे चिन्ह होते. त्या वेळी त्याचा फार बोलबाला होता, पण 2024 साली टायडल या संगीतसेवेने एमक्यूए बंद केले आणि त्या चिन्हाची किंमत उरली नाही. जुन्या डॅकचे भाव असेच उतरतात. आज चार-पाच हजारांच्या यंत्रातही स्वच्छ आवाज मिळतो. बरीच चौकशी करून आम्ही 52,000 सांगायचे ठरवले.

फोटोसाठी यंत्र पुसून सुरू केले. भाची जवळ बसली होती. दोन मिनिटांनी ती माझ्या कानाशी लागली. "फुफी, डाव्या स्पीकरमधून कुरकुर येतेय." मी कान दिला. खरेच, तव्यावर मोहरी तडतडावी तशी बारीक खरखर. पाच-सात मिनिटांत थांबली. समोर भाईजान डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होते. त्यांना काहीच जाणवले नव्हते.

दुसऱ्या सकाळी थंड यंत्र पुन्हा लावले. पुन्हा तेच. आता दाराची घंटा त्यांना ऐकू येत नाही, टीव्हीचा आवाज वाढलेला असतो, हे सगळे आठवायला लागले. खरखर जाहिरातीत लिहायची तर त्यांना सांगावी लागणार होती. आणि ती सांगणे म्हणजे त्यांचे कान गेले हे त्यांना सांगणे. भाभी म्हणाली, "कशाला बोलतेस? पाच मिनिटांत थांबते ना? घेणाऱ्याला आधीच गरम करून दाखवू." मलाही दोन दिवस ते पटले, हे कबूल करते.

तिसऱ्या रात्री मी सांगितले. ते बराच वेळ यंत्राकडे पाहत राहिले. "कुठल्या बाजूला?" "डाव्या." त्यांनी उठून डाव्या स्पीकरला कान लावला आणि तसेच थांबले. मग म्हणाले, "तर मग ओलं धान्य वर ठेव." धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी व्यापाऱ्याला ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे विचारले, ही गोष्ट अब्बा आम्हाला लहानपणी सांगत.

आधी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एका कारागिराला यंत्र दाखवले. आउटपुटजवळ रिले असतो. यंत्र सुरू-बंद करताना स्पीकरला धक्का बसू नये म्हणून तो आवाज क्षणभर तोडून ठेवतो. त्याच्या आतले टोक काळवंडले होते. कोकणातली दमट हवा, दुसरे काय. दोन्ही बाजूंचे रिले बदलायला 2,200 रुपये पडले. घरी आल्यावर भाचीने रात्रभर थंड ठेवलेले यंत्र सकाळी लावले. आवाज स्वच्छ. भाईजान स्पीकरकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

जाहिरातीत दुरुस्तीची ओळ मथळ्याखाली पहिली घातली. पहिलाच फोन आला तो न पाहता पूर्ण किंमत देणाऱ्याचा. तो म्हणाला, "क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." भाचीने फोन हिसकावून घेतला. भगिनींनो, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

शेवटी कोल्हापूरचे एक गृहस्थ स्वतःचा हेडफोन घेऊन आले. दीड तास ऐकले, एमक्यूएवरून भाव पाडला, 46,000 वर ठरले. पैसे खात्यात आलेले पाहिल्यावरच भाईजानांनी खोके बांधले. जुने दोन रिले एका पुडीत घालून, पावतीसोबत आत ठेवले.

गृहस्थ जीपमध्ये बसले तेव्हा भाईजानांनी त्यांना विचारले, "तुम्ही मघाशी काय लावलं होतं?" ते म्हणाले, "बेगम अख्तर." भाईजानांनी त्यांना ते पुन्हा एकदा, मोठ्याने सांगायला लावले. सोमवारी त्यांना कानाच्या तपासणीला चिपळूणला घेऊन जायचे आहे.