कुत्र्याला लस, रानालाही कवच

प्रतापगड (जि. गोंदिया) : महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले प्रतापगड अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आहे. नवेगावचे जंगलही याच तालुक्यातले. येथे अंगणातला कुत्रा धन्यामागे शेतात जातो, तसाच रानातही शिरतो. त्यामुळे त्याचे लसीकरण हा केवळ घरगुती प्रश्न उरत नाही.

रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. माणसांतील बहुतांश रेबीज कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. पिलाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, त्यानंतर बूस्टर आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नियमित मात्रा देणे हाच खात्रीचा उपाय होय. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तातडीने दवाखाना गाठावा.

दुसरा धोका डिस्टेंपरचा. या विषाणूवर नेमके औषध नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून टप्प्याटप्प्याने दिलेली लस मात्र संरक्षण देते. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा काही सिंहांत हाच विषाणू आढळला होता. नवेगाव-नागझिऱ्यातील वाघ, बिबटे व रानकुत्रे यांनाही तो बाधू शकतो. म्हणूनच गावातल्या कुत्र्याला वेळेवर टोचलेली सुई रानाचीही राखण करते.