सब्र म्हणजे लपवणे नव्हे

अम्मीची पाळी जाऊन आठ वर्षे झाली होती. तरी अंगावरून अधूनमधून रक्त जाऊ लागले. तिने ते पाच महिने कुणाला कळू दिले नाही. आम्ही दोघी बहिणी, एक तासगावला दिलेली, दुसरी जयसिंगपूरला. फोन रोजचा, पण हा विषय कधी निघाला नाही. एकदा माहेरी गेलो असता धुण्यात तिचा परकर हाती लागला, तेव्हा कळले. ‘अल्लाहने दिले ते सोसायचे, सब्र करायचा,’ एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिला मिरजेला नेले. डॉक्टरीणबाईंनी समजावले, ‘पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासायचे. अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींचे कारण साधे निघते. पण दहावी कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही.’ सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले. त्याचा तुकडा बायोप्सीला पाठवला. पेशी कॅन्सरच्या वाटेवर असल्याचे आले. गर्भाशय, बीजकोश आणि नळ्या काढल्या. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, अलहम्दुलिल्लाह. पण काढलेले सगळे पुन्हा तपासणीला गेले, आणि खरी वाट पाहणे तिथून सुरू झाले.

अकरा दिवस

शस्त्रक्रियेच्या दिवशी हाताला काम होते. रिपोर्टची वाट पाहताना काहीच नव्हते. भाईजान सकाळ-संध्याकाळ लॅबला फोन करायचे. ‘उशीर होतोय म्हणजे काहीतरी असणार,’ असे भेटायला आलेली एक बाई अम्मीसमोरच बोलून गेली.

शेवटी आम्ही लॅबमध्ये जाऊन विचारले. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितले. काढलेला अवयव आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवावा लागतो. मग त्याचे ठिकठिकाणचे तुकडे मेणात बसवून केसाहूनही पातळ काप काढतात, ते रंगवतात आणि डॉक्टर एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अवयव मोठा असेल तर काप जास्त. कधी वेगळे रंग देऊन पुन्हा पाहावे लागते. उशिराचा अर्थ वाईट बातमी असाच नसतो. हे कळल्यावर आमचा जीव थोडा खाली पडला. त्यानंतर आम्ही ठरवले की लॅबला फोन एकट्या भाईजानांनी करायचा, तोही दिवसाआड, आणि रात्री मोबाइलवर आजाराची माहिती शोधत बसायचे नाही.

सातव्या रात्री अम्मी तहज्जुदला उठून रडत होती. ‘मी लपवले म्हणून अल्लाह नाराज असेल का? आणि आता रडतेय, म्हणजे सब्रही गेला.’ आमच्याकडे उत्तर नव्हते. सकाळी फुफी आली, तिने हजरत याकूब अलैहिस्सलामांची आठवण दिली. मुलाच्या विरहात त्यांचे डोळे पांढरे झाले, आपले दुःख ते अल्लाहपाशीच बोलले, तरी त्यांच्या सब्राला उणेपणा आला नाही. आणि त्यांनीच मुलांना सांगितले की जा, यूसुफचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीतून निराश होऊ नका. रडणेही सब्रात बसते आणि शोध घेणेही. अम्मी ऐकत राहिली. त्या दिवशी ती नीट जेवली.

बरे होताना

पहिल्या दिवसापासून तिला थोडे थोडे चालवले, पायात रक्त साकळू नये म्हणून. खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबून धरायची. सहा आठवडे पाण्याची कळशी, धान्याचा डबा, नातवंड, काहीच उचलायचे नाही. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पाणी आणि फळे. थोडा डाग काही आठवडे दिसू शकतो. पण ताप, घाण वास, जास्त रक्तस्राव, पोटरी सुजणे किंवा दम लागणे दिसले तर तडक दवाखाना गाठायचा. पती-पत्नीच्या संबंधांबाबतही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. तपासून त्यांनी होकार देईपर्यंत ते टाळावेत.

नमाजची तिला फार काळजी. अब्बांनी इमामसाहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की खुर्चीवर बसून, सजदा इशाऱ्याने करून नमाज होते, आणि गर्भाशय काढल्यानंतरचे रक्त पाळीचे नाही, म्हणून नमाज सुटत नाही, दर वक्ताला नवा वुजू करावा. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला.

इयादतला येणाऱ्यांना आम्ही नम्रपणे सांगू लागलो की दहा मिनिटे बसा, दुआ करा, पण कुणाच्या मामीचे काय झाले ते इथे नको.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सरची सुरुवात झालेली होती, पण ती गर्भाशयाच्या अस्तरापुरतीच. पुढच्या उपचारांची गरज नाही, मात्र दर काही महिन्यांनी तपासणी करायची, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ते पाच महिने मी सब्र केला नाही रे पोरींनो, मी फक्त घाबरले होते. तुम्ही असे करू नका. आणि शेजारच्या भाभीला बोलवा, तिलाही असेच होते म्हणत होती.’

भाभी त्याच आठवड्यात तपासून आल्या. त्यांचे कारण साधे निघाले.

भगिनींनो, आज आपल्या अम्मीला, सासूबाईंना, खालाला एवढे विचाराच. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.