दूरवैद्यकाची औषधचिठ्ठी आणि नियंत्रित औषधे

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील दोन तालुके. सावित्रीच्या खोऱ्यातील सखल पट्टा सोडला, तर येथील बहुतेक वाड्यावस्त्या सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या आहेत. जिल्हा रुग्णालय अलिबागेस, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर. विशेषज्ञ गाठावयाचा तर बहुधा मुंबईच. पावसाळ्यात ओढे भरले, रस्त्यावर दरड आली, की तालुक्याचे गावसुद्धा दूर होते. अशा भागात ‘ई-संजीवनी’ या शासकीय दूरवैद्यक सेवेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर रुग्ण बसतो, पडद्यावर दूरचा डॉक्टर त्याची विचारपूस करतो आणि औषधचिठ्ठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात तेथेच हाती येते.

मात्र काही औषधे या चिठ्ठीवर येत नाहीत. रक्तदाबाची गोळी मिळते, मधुमेहाची मिळते. कर्करोगाच्या वेदनेवरील मॉर्फिन किंवा झोपेची गोळी मागितली, की डॉक्टर प्रत्यक्ष भेटीस या असे सांगतो. रुग्णाच्या घरच्यांना ही टाळाटाळ वाटते. ती टाळाटाळ नव्हे. डॉक्टरवर तसे बंधनच आहे, आणि ते कोठून आले हे गावातील जाणत्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. त्यांनी औषधांचे वर्ग पाडले आहेत. पॅरासिटामॉल, क्षारसंजीवनी यांसारखी साधी औषधे दूरध्वनीवरूनही सुचविता येतात. दुसऱ्या वर्गातील औषधे पहिल्याच सल्ल्यात देता येतात, पण त्यासाठी रुग्ण व डॉक्टर यांनी दृक्‌श्राव्य माध्यमातून एकमेकांस पाहिलेले असले पाहिजे. तिसरा वर्ग जुन्या दुखण्यांसाठी आहे: ज्या विकारासाठी रुग्ण पूर्वी प्रत्यक्ष तपासला गेला आहे, त्याच विकारासाठी पुढील सल्ल्यात जादा औषध जोडता येते. चौथा वर्ग निषिद्ध औषधांचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीतील औषधे, तसेच गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ यामध्ये समाविष्ट असलेली द्रव्ये या वर्गात मोडतात. मॉर्फिन, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही त्यांची परिचित उदाहरणे होत. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८ मध्ये या अधिनियमाखाली आली. पूर्वी ती सहज मिळे, आता का मिळत नाही, असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

येथे एक गल्लत वारंवार होते. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेली ‘एच-१’ अनुसूची वेगळी आहे. तीत काही प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधेही आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने स्वतंत्र वहीत करावयाची व ती वही तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. पण केवळ ‘एच-१’मध्ये आहे म्हणून औषध दूरसल्ल्याने देताच येत नाही, असे नाही. उलट ‘एक्स’ अनुसूचीच्या औषधासाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, त्यांतील एक दुकानदाराने दोन वर्षे ठेवावयाची, माल कुलपात ठेवावयाचा आणि त्याकरिता वेगळा परवानाही घ्यावयाचा. लक्ष एकाग्र न होणाऱ्या मुलांना दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध याच अनुसूचीत आहे. मुंबईतील मुलाने वडिलांच्या चिठ्ठीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर धाडावे आणि गावच्या दुकानातून औषध घ्यावे, ही चाकरमान्यांच्या कुटुंबांतील नित्याची रीत या औषधांच्या बाबतीत चालणार नाही.

निर्बंधामागील कारण उघड आहे. ही औषधे सवय लावणारी आहेत, त्यांना चोरटा बाजार आहे, आणि चित्राची नक्कल करणे सोपे असते. अमेरिकेने याच अडचणीवर वेगळा मार्ग काढला. तेथील औषध अंमलबजावणी प्रशासनाचा नियम १ जून २०१० पासून लागू झाला. त्यानुसार डॉक्टरला नियंत्रित औषधाची चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने लिहिता येते. मात्र दर वेळी त्याने आपली ओळख दोन प्रकारे पटवावी लागते, उदाहरणार्थ परवलीचा शब्द आणि बोटाचा ठसा. आपल्याकडील तत्त्वांनी तूर्त असा मार्ग न खोलता दारच बंद ठेवले आहे. सावधगिरी म्हणून ते समजण्यासारखे असले, तरी त्याचा भार डोंगरातील रुग्णावर अधिक पडतो हेही नाकारता येत नाही.

हा भार सर्वांत जास्त कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत जाणवतो. भारत हा कायदेशीर अफूचे पीक घेणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. नीमच व गाझीपूर येथे शासनाचे अफूचे कारखाने आहेत. असे असूनही १९८५च्या अधिनियमातील कडक शिक्षा व अनेक परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. शिक्षेची तरतूद तस्करांसाठी होती, तिचा फटका वेदनेने तळमळणाऱ्यांना बसला. २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन ‘आवश्यक गुंगीकारक औषधे’ असा वर्ग करण्यात आला व २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन व कोडीन ही सहा औषधे त्यात घातली गेली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला ही औषधे अनेक परवान्यांविना ठेवता येतात.

अशी मान्यता मिळविण्यासाठी संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी अशी सोय झाली, तर प्रत्यक्ष भेटीची अट रुग्णाला जड जाणार नाही; पंचायत समितीच्या सभेत हा विषय निघणे म्हणूनच योग्य ठरेल. दरम्यान परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी उपचार घेणाऱ्यांनी पुढील औषध केव्हा, किती दिवसांचे व नातेवाईकाच्या हाती मिळेल काय, हे परततानाच विचारून घ्यावे. दूरसल्ला अशा रुग्णास अगदीच निरुपयोगी असतो असेही नाही. मॉर्फिनमुळे हटकून बद्धकोष्ठ होतो. त्यावरील रेचक, उलटीवरील औषध, जखमेची निगा यांविषयी उपकेंद्रातून सल्ला घेता येतो.

फेफऱ्याच्या रुग्णांसाठी मात्र दार थोडे उघडले आहे. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम व क्लोनाझेपाम ही औषधे २०२० मध्येच, तत्त्वे जाहीर झाल्यानंतर, पहिल्या दृक्‌श्राव्य सल्ल्यात देता येणाऱ्या वर्गात आणण्यात आली. यामागे ठोस कारण आहे. ही औषधे एकाएकी बंद झाली, तर झटके एकामागून एक येऊन जीवावर बेतू शकते. शाळेत असे मूल असेल तर शिक्षकाने गोळ्या संपत आल्याची चौकशी घरी आधीच करावी, हे उत्तम.

२२ जुलै २०२१च्या सुमारास महाड शहर सावित्रीच्या पुराखाली गेले, तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. अशा वेळी घरातील कागद वाहून जातात, दुकानातील माल भिजतो. ई-संजीवनीवरील जुना सल्ला व चिठ्ठी नोंदीत शिल्लक राहते, हा इलेक्ट्रॉनिक पद्धतीचा मोठा लाभ. परंतु निषिद्ध वर्गातील औषधांची अशी नोंद तेथे असणारच नाही. म्हणून नियमित मॉर्फिन किंवा तत्सम औषध घेणाऱ्यांची यादी आशा कार्यकर्तीने पावसाळ्यापूर्वीच वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यावी. यादी गोपनीय ठेवणे आवश्यक. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची वस्तू नव्हे.

पोलीस पाटील व सरपंच यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. डॉक्टरच्या चिठ्ठीवरून रुग्णाच्या उपयोगासाठी एका वेळी रीतसर मिळालेले आवश्यक गुंगीकारक औषध त्याच्या घरी असणे हा गुन्हा नाही. चिठ्ठी व संस्थेने दिलेला कागद औषधासोबत असला म्हणजे झाले. ते शेजाऱ्याच्या पाठदुखीसाठी देणे मात्र बेकायदा आहे आणि धोक्याचेही. रुग्ण दगावल्यावर उरलेल्या गोळ्या घरात, मुलांच्या हाती लागतील अशा फळीवर राहू न देता ज्या संस्थेने दिल्या तिच्याकडे परत नेऊन पोचपावती घ्यावी.