इलेक्ट्रॉनिक सिटीला पोहोचलेली पिवळी मार्गिका

बंगळुरूच्या दक्षिण टोकाची इलेक्ट्रॉनिक सिटी आयटीच्या नकाशावर केव्हाच ठळक झाली. मेट्रो मात्र तिथे ऑगस्ट २०२५मध्ये पोहोचली. त्याआधी २०१०मध्ये तिकडे जाणाऱ्या होसूर रस्त्यावर उन्नत मार्ग झाला होता, पण याच रस्त्यावरच्या सिल्क बोर्डच्या चौकात गाड्या तुंबतच राहिल्या. रस्ता वाढला की गाड्याही वाढतात, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही ‘नम्म मेट्रो’ची पिवळी मार्गिका सुमारे १९ किलोमीटरची, १६ स्थानकांची. आर. व्ही. रोडला ती हिरव्या मार्गिकेला जोडली आहे, त्यामुळे शहराच्या मध्यातल्या मॅजेस्टिकहून येणाऱ्यालाही होसूर रस्त्यावरची कोंडी टाळता येते. कोनप्पन अग्रहार स्थानकाला इन्फोसिस फाउंडेशनने, हेब्बगोडीला बायोकॉनने आर्थिक हातभार लावला. फायदा फक्त आयटीवाल्यांचा नाही. बोम्मसंद्रच्या कारखान्यांतले कामगारही याच मार्गावर आहेत.

सुरुवातीला गाड्या तीनच, म्हणून दोन फेऱ्यांत सुमारे २५ मिनिटांचे अंतर होते. रूळ टाकले, पण डबे वेळेवर आले नाहीत. नियोजनातली ही चूक प्रवाशाला फलाटावर उभे राहून भोगावी लागते. शिवाय स्थानकापासून कचेरीपर्यंत जोडबस नसेल, तर माणूस पुन्हा दुचाकीच काढतो.